मास्क काढून ठेवण्याआधी : सीपॅपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर डॉक्टर सीपॅप मशीन लिहून देतात, घरचे पैशांची जुळवाजुळव करून ते आणतात, आणि अनेकदा चार-सहा रात्रींतच ते खोक्यासकट कपाटावर जातं. ‘मला नाही सोसलं’ एवढ्या एका वाक्यावर उपचार संपतात. माझं म्हणणं असं की, बहुतेक वेळा माणसाला सोसलेलं नसतं ते काहीतरी छोटं आणि दुरुस्त होण्याजोगं असतं : मास्कचं माप, कोरडी हवा, चोंदलेलं नाक, न जुळवलेला दाब. या प्रत्येकावर इलाज आहे. पण तो शोधायला माणूस जातच नाही, कारण त्रास सुरू झाला की आधीपासून मनात बसलेल्या समजुती पुढे येतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असा निकाल देऊन टाकतात. म्हणून या समजुतींचा विचार वैद्यकीय माहितीइतकाच गांभीर्याने करायला हवा.

त्यातली सगळ्यात जुनी समजूत मशीनच्याही आधीची आहे. जो मोठ्याने घोरतो त्याला गाढ झोप लागलीय, असं आपण मानतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशातली वाट त्यामुळे इतकी अरुंद होते की हवा थरथरत, आवाज करत आत जाते आणि अधूनमधून ती वाट पुरती मिटते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, हवा मात्र पोचत नाही. श्वास थांबण्याचा किंवा फार उथळ होण्याचा असा प्रसंग किमान १० सेकंद टिकला तर तो ‘स्लीप स्टडी’ या झोपेच्या तपासणीत मोजला जातो. तासाला ५ पेक्षा कमी प्रसंग सर्वसाधारण समजतात, १५ च्या पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी मेंदूला झोप चाळवून घसा उघडावा लागतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. उरते ती डोकेदुखी, चिडचिड आणि दिवसभर येणारी पेंग. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांना दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह हा आजार असल्याचा अंदाज निघाला. हे पुरुष स्वतःला निरोगी समजत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कारणात याच आजाराचं नाव होतं. तरीही हा फक्त लठ्ठ पुरुषांचा आजार आहे, ही समजूत टिकून आहे. जबड्याची ठेवण लहान असेल तर बारीक माणसालाही तो होतो, आणि पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. त्यांचा थकवा आणि निद्रानाश मात्र घरकामाच्या नाहीतर वयाच्या नावावर लिहिला जातो.

आता मशीनकडे येऊ. गावाकडे त्याला सर्रास ‘ऑक्सिजनचं मशीन’ म्हणतात, आणि २०२०-२१ मध्ये कोविड वॉर्डात ‘बायपॅपवर ठेवलंय’ हे वाक्य ज्या घरांनी ऐकलं, त्यांच्या लेखी नळी आणि मास्क म्हणजे शेवटची पायरी. ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी लागू होते. सीपॅपमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो. खोलीतलीच हवा एक छोटा पंखा ओढून घेतो, गाळतो आणि थोड्या दाबाने नाकातून घशात सोडतो. त्या दाबामुळे घशाची सैल वाट आतून उघडी राहते. श्वास घ्यायचं काम तुमची छाती आणि तुमचा मेंदूच करतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. तोपर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं हाच होता. या दाबाने फुफ्फुसं फुटतील का, असंही विचारलं जातं. घरगुती मशीनचा दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. समुद्रसपाटीवर हवेचा स्वतःचा दाब याच मापात हजाराच्या थोडा वर भरतो. म्हणजे १० चा दाब लावला तर आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबात जेमतेम एक टक्क्याची भर पडते. अर्थात फुफ्फुसाचे काही आजार, नुकतीच झालेली डोक्याची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया अशा स्थितीत डॉक्टर वेगळा निर्णय घेतात, म्हणून मशीन तपासणीशिवाय लावू नये.

‘एकदा लावलं की सवय लागते, मग शरीर स्वतःहून श्वास घ्यायचं विसरतं’ ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण ती ऐकून माणूस मशीन आठवड्यातून दोनदाच लावतो, म्हणजे ‘सवय लागणार नाही’. झ्युरिकमध्ये माल्कम कोहलर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सीपॅपवर स्थिरावलेल्या काही रुग्णांचं मशीन दोन आठवडे थांबवलं. आजार होता तसा परत आला आणि सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी साडेआठ अंकांनी वाढला. याचा अर्थ सवय लागली असा कोणी काढेल. पण चष्मा काढल्यावर पुन्हा अंधूक दिसतं, म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असं आपण म्हणत नाही. मूळ दोष तिथेच होता, मशीन त्याला रोज रात्री अडवून धरत होतं.

यानंतर येतात खऱ्या अडचणी, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण मशीन कपाटावर जातं ते या टप्प्यावर. नव्या माणसाला वाटतं, मास्क जितका घट्ट तितकी गळती कमी. मास्कची सिलिकॉनची गादी हवेने किंचित फुगून चेहऱ्यावर बसते. पट्टे आवळले की ती चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. मास्क बसून आणि मशीन बंद ठेवून न जुळवता, आडवं होऊन, हवा चालू करून जुळवायचा. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम असेल तर तो घसरतो, म्हणून झोपण्यापूर्वी तोंड साध्या साबणाने धुवायचं. दाट मिशीवर नाकातोंडाचा मोठा मास्क नीट बसत नाही, तिथे नाकपुड्यांना लागणारा छोटा प्रकार वापरून पाहावा. कवळी काढल्यावर गालांचा आकार बदलतो, हे मास्क घेतानाच सांगायला हवं. मास्कला बारीक भोकं असतात आणि त्यांतून सतत हवा येते. ती बिघाडाची खूण नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो, त्यामुळे फुसफुस आवाज येतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणं धोक्याचं आहे. गुदमरल्यासारखं वाटत असेल तर दिवसा, जागेपणी, बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव करावा. मशीनमध्ये दाब हळूहळू चढवण्याची सोय असते, ती विक्रेत्याकडून चालू करून घ्यावी. पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं झालं तर डॉक्टरांना कळवावं, दाब स्वतः बदलू नये.

आमच्या नगर जिल्ह्याच्या हवेचा यात मोठा वाटा आहे. उन्हाळ्यातली कोरडी धूळ, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उडणारी काजळी, यांनी नाक आधीच चोंदलेलं असतं. नाक बंद असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो, दाबाची हवा तोंडातून निसटते आणि पहाटे घसा कोरडा ठाक पडतो. अशा वेळी दोष मशीनला दिला जातो. मिठाच्या पाण्याने नाक स्वच्छ करणं, गरज असल्यास डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा, मशीनचा फिल्टर वेळेवर बदलणं आणि हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी वापरणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. टाकीत बोअरचं पाणी नको. जिल्ह्यातल्या बऱ्याच भागात ते जड असतं आणि क्षारांचा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकलं जाणारं पाणीही माणसासाठी केलेलं नसतं. औषधांच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, रोज बदलावं. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरला की नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो आणि नाकात थेंब पडतो. नळी पांघरुणाखालून घ्यावी, मशीन उशीच्या पातळीखाली ठेवावं.

वीज गेली तर गुदमरून मरेन, ही भीती लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाला वाटणारच. नाकातोंडाच्या मास्कला हवा थांबताच उघडणारी झडप असते; फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. माणूस जागा होतो, मास्क काढतो आणि उरलेली रात्र उपचारांशिवाय जाते, इतकंच. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर मशीन छताच्या पंख्यापेक्षा जास्त वीज घेत नाही, घरचा इन्व्हर्टर रात्रभर पुरू शकतो. शेतकऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की दोन वाजता उठून दारं धरायला जावं लागतं. मग ‘माझी झोपच मोडकी, मशीन काय उपयोगाचं’ असं म्हटलं जातं. आजार घड्याळ बघून येत नाही. पहाटे परतल्यावर झोपलात किंवा दुपारी डोळा लागणार असेल, तरी मास्क लावूनच झोपायचं. हेच ऊसवाहतुकीच्या चालकांना. हंगामात रात्र रात्र ट्रॅक्टर-ट्रक चालवणाऱ्याला हा आजार असेल आणि उपचार नसतील, तर अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण सात देशांतून घेतले होते, त्यांत भारतही होता. २०१६ मध्ये निकाल आला : सीपॅपने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. मग एवढा त्रास कशाला? पहिली गोष्ट, ‘हे लावा, हार्ट अटॅक टळेल’ असं सांगून मशीन विकणं हाही गैरसमजच पसरवणं आहे, आणि त्याला या निकालाने उत्तर दिलं. दुसरी, त्या चाचणीत दिवसा फार झोप येणारे रुग्ण वगळले होते आणि मशीनचा सरासरी वापर रात्रीला ३.३ तास इतकाच झाला. अर्ध्या रात्रीच्या उपचारांचा निकाल पूर्ण रात्रीला लावता येत नाही. तिसरी, एवढ्या अपुऱ्या वापरातही दिवसाची पेंग कमी झाली, मन हलकं झालं, रोजचं जगणं सुधारलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या, वर्गात शिकवणाऱ्या, पतपेढीत हिशेब करणाऱ्या माणसाला हा लाभ छोटा नाही. वापराचे तास वाढतात तसा तो वाढत जातो, हे वेगळ्या अभ्यासांतून दिसलं आहे.

वजन उतरवलं की मशीन नको, हे अर्धं खरं आहे. दहा टक्के वजन घटलं तर श्वास अडकण्याचे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात २००० साली दिसलं. तीव्र आजारात तेवढं पुरत नाही. वजन उतरल्यावर पुन्हा स्लीप स्टडी करूनच मशीन थांबवावं. सौम्य आजारात आणि मास्क काही केल्या न जमणाऱ्यांसाठी खालचा जबडा पुढे धरणारं, दंतवैद्याने बनवलेलं साधनही आहे. शेजाऱ्याचं जुनं मशीन स्वस्तात घेणं मात्र टाळावं : दाब त्याच्या घशासाठी ठरवलेला असतो, शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम विघटित होत असल्यामुळे जगभरातली लाखो मशीन परत मागवली होती, आणि तशातलं एखादं अजून कोणाच्या घरात असू शकतं.

अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या, क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या या नगर जिल्ह्यात मशीन विकणारा नगर-पुण्यात आणि वापरणारा पन्नास-शंभर किलोमीटरवर असतो. लोणी किंवा विळद घाटातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीविकार विभागात जायचं तरी एक दिवसाची मजुरी बुडते. पण आजची बहुतेक मशीन वापराचे तास, गळती आणि उरलेले श्वास अडकण्याचे प्रसंग स्वतः नोंदवतात, आणि ही नोंद कार्डावरून किंवा मोबाइलवरून पाठवता येते. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारावं : महिनाभर भाड्याने देणार का, मास्क बदलून देणार का, नोंद कोण वाचणार. पहिली नोंद पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जायला हवी, कारण माणूस मशीन वापरणार की सोडणार याचं वळण बहुधा त्याच दिवसांत पडतं. ती वाचताना गळतीचा आकडा सगळ्यात आधी पाहायचा. तो मोठा असेल तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि दाब वाढवण्याआधी मास्क बदलून पाहायचा.