स्वस्त गाणे, महाग वसुली

वस्तूची किंमत ठरवताना व्यापारी दोन आकडे समोर ठेवतो : आपल्याला ती कितीला पडली आणि शेजारचा दुकानदार ती कितीला विकतो. पण शेजारी तीच वस्तू फुकट वाटत बसला असेल तर? इंटरनेटवरून गाणी विकायला निघालेल्यांपुढे नेमका हाच पेच होता. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅपस्टर’ सुरू झाले आणि कुणाच्याही संगणकातले गाणे आपल्या संगणकात फुकट उतरवून घेता येऊ लागले. न्यायालयाच्या बडग्यामुळे २००१ मध्ये ते बंद पडले, पण लोकांना लागलेली चटक सुटली नाही.

अशा वेळी, २८ एप्रिल २००३ रोजी, ‘अ‍ॅपल’ने आपले ‘आयट्यून्स’ हे दुकान थाटले. कोणतेही गाणे घ्या, दर ९९ सेंट. एका आवडत्या गाण्यासाठी अख्खी तबकडी विकत घेण्याची सक्ती संपली आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. फुकट मिळणारी वस्तूही लोक विकत घेतात, मात्र दर माफक हवा आणि पैसे देणे सोपे हवे, हे सिद्ध झाले.

यातली दुसरी अट महत्त्वाची. शंभराचा चेक असो वा लाखाचा, तो वटवताना बँकेतल्या कारकुनाचे कष्ट सारखेच, हे मी नोकरीत रोज पाहत होतो. क्रेडिट कार्डाचेही तसेच. प्रत्येक व्यवहारामागे काही ठरावीक आकार आणि वर टक्केवारी. डॉलरभराच्या विक्रीत दोन-तृतीयांशाच्या आसपास रक्कम ध्वनिमुद्रण कंपनीकडे जाणार. उरलेल्यातून कार्डाचा खर्च भागवायचा. म्हणून ग्राहकाच्या चार-दोन खरेद्या साठवून त्यांची एकत्र वसुली करण्याची युक्ती ‘अ‍ॅपल’ने काढली. पुढे कंपन्यांच्या आग्रहाने एप्रिल २००९ मध्ये एकच दर जाऊन ६९, ९९ आणि १२९ सेंट असे तीन दर आले. त्याच सुमारास, ठरावीक संगणकांवरच गाणे वाजू देणारे कुलूपही निघाले.

आपल्याकडे काय घडले? कमी किमतीत अधिक खप हे गणित आपल्याला नवे नव्हते. १९८०च्या दशकात ‘टी-सीरिज’ने स्वस्त कॅसेटींच्या जोरावर सारी बाजारपेठ पालटून टाकली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लिपकार्ट’ने ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान काढले, तेव्हा गाणे सहा रुपयांपासून मिळत होते. डिसेंबरात ‘अ‍ॅपल’चे दुकानही भारतात आले, तिथेही दर दहा-पंधरा रुपयांच्या घरात. म्हणजे कटिंग चहाच्या हिशेबातले गाणे! पण ते सहा रुपये द्यायचे कसे? क्रेडिट कार्ड थोड्यांकडे. ज्यांच्याकडे होते त्यांनाही रिझर्व्ह बँकेच्या २००९च्या नियमानुसार कार्डाच्या आकड्यांपलीकडे आणखी एक परवलीचा शब्द द्यावा लागे. नियम योग्यच होता. पण सहा रुपयांना आणि साठ हजारांना एकच सोपस्कार. पुस्तक दारात आल्यावर रोख मोजता येते. तारेतून येणाऱ्या गाण्याचे पैसे कोणाच्या हातावर ठेवणार? जून २०१३ मध्ये ‘फ्लाइट’ मिटले. चोरीची गाणी आणि किरकोळ रक्कम भरण्याच्या सोयीचा अभाव, ही कारणे कंपनीनेच दिली.

ती सोय ‘यूपीआय’च्या रूपाने २०१६ मध्ये आली. आज भाजीवालीही दहा रुपये फोनवर घेते. पण तोवर गाण्याची विक्रीच मागे पडली होती. आता गाणे ऐकायचे ते जाहिरातींच्या बदल्यात, नाहीतर मासिक भाड्यावर. भाडे थकले की गाणे गेले.

यात हिशेबाचा एक मुद्दा आहे. विकत घेतलेल्या गाण्याचे बारा रुपये त्याच गाण्याच्या खात्यावर जमा होत. भाड्याचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी एका हंड्यात जातात आणि एकूण किती वेळा काय वाजले त्या प्रमाणात वाटले जातात. महिनाभर तुम्ही केवळ नाट्यपदे ऐकलीत, तरी तुमच्या पैशांतला मोठा वाटा त्या महिन्याच्या गाजलेल्या चित्रपटगीतांकडे वळतो. २०१२च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क पक्का केला खरा. पण मुळात त्यांच्या खात्यावर जमाच तुटपुंजी असेल तर हक्क घेऊन ते काय करणार?

भाड्याच्या गाण्याची सोय मी नाकारत नाही. परंतु नवी भावगीते रचणाऱ्या, थोडेच पण जिवाभावाचे श्रोते असलेल्या मराठी कलावंतांनी थेट विक्रीचा मार्ग पुन्हा आजमावून पाहावा. बँक खात्यातून ‘यूपीआय’ने आलेल्या रकमेवर जानेवारी २०२०पासून विक्रेत्याला व्यापारी शुल्क पडत नाही. पंधरा रुपयांतले पंधरा रुपये हाती येतात. २०१२ मध्ये दुकान होते, वाट नव्हती. आज वाट आहे. दुकान मांडायला कोणीतरी पुढे यायला हवे.