नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दुष्काळी मुलुखात नावेवरील सुरक्षेचा धडा कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचा विस्तीर्ण जलाशय आहे, आणि सहलीला गेले की नावेत बसणे आलेच. शिवाय आपल्याकडील पुष्कळ मुलांना पोहता येत नाही. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने एक नाव उलटली. नावेत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले.

माणूस बुडतो तरी का? आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. आपल्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. म्हणजे शरीर कसेबसे तरंगते, पण नाक-तोंड पाण्याबाहेर राहत नाही. डोके बाहेर काढले की त्याचे चार-पाच किलोग्रॅम वजन पाणी पेलत नाही. तेवढाच आधार कमी पडतो! लाइफ जॅकेटमध्ये आठ लिटर आकारमानाचा हलका फोम आहे असे समजा. तो पूर्ण बुडाला तर आठ किलोग्रॅम पाणी बाजूस सारतो. फोमचे स्वतःचे वजन वजा केले, तरी साडेसात किलोग्रॅमचा आधार उरतो.

समुद्राच्या खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त असते. त्यामुळे साठ किलोग्रॅमच्या माणसाला तेथे दीड किलोग्रॅम आधार अधिक मिळतो. गोदावरीच्या गोड्या पाण्यात तो मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता एक प्रयोग करा. औषधाची काचेची लहान बाटली पाण्याने भरून बूच लावा. ती बादलीत बुडेल. तिच्या गळ्याशी थर्मोकोलचा पुरेसा मोठा तुकडा बांधा. बाटली तोंड वर करून तरंगेल. तोच तुकडा बुडाशी बांधला तर? तोंड खाली! जॅकेटचा फोम छातीवर व मानेशी का असतो, आणि पट्टे घट्ट का आवळावेत, हे आता कळले ना? सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटू शकतो.

नावेत आणखी काय हवे? दोरी बांधलेली तरंगती रिंग. बुडणाऱ्याकडे ती फेकावी, स्वतः उडी घेऊ नये. पाणी उपसायला बादली. यंत्र बंद पडले तर वल्ही. मोटारबोटीत अग्निशामक. आणि प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी. ओरडण्याने दम जातो व छातीतील हवाही कमी होते. ती एक लिटर कमी झाली, तर एक किलोग्रॅम आधार गेला!

बाकाखाली ठेवलेले जॅकेट मात्र निरुपयोगी आहे. नाव उलटल्यावर पाण्यात धडपडत ते चढवणे फार कठीण. म्हणून काठावरच मोजा: माणसे किती, जॅकेटे किती? एकही कमी असेल, तर नावाड्याला नम्रपणे सांगा, "काका, आम्ही पुढच्या फेरीला येतो."