सगळ्याच जखमा भरत नाहीत

विळ्याने बोट कापले, हळद दाबली, आठवड्यात बरे झाले. (हळदीविषयी पुन्हा केव्हातरी.) छातीतले दुखणेही तसेच बसेल, या समजुतीने आमचे एक शेतकरी रुग्ण ‘गॅस आहे’ म्हणत रात्रभर सोडा घेत राहिले. सकाळी ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसला.

एकाच कामाला लागलेल्या पेशींच्या गटाला ऊती म्हणतात. मुख्य ऊती चार. त्वचेचा वरचा थर आणि आतड्याचे अस्तर ही अभिस्तर ऊती. तिचे काम राखणदारीचे, झीज रोजची. म्हणून आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. हाडे, चरबी, रक्तसुद्धा संयोजी ऊतीत मोडतात. मोडलेले हाड सांधते. पण गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, ती झिजली की भरून येणे कठीण. चेता ऊती निरोप पोचवते. मेंदूतली मेलेली पेशी सहसा परत मिळत नाही.

चौथी स्नायू ऊती. तिच्यातला हृदयाचा स्नायू जन्मभर विसावा घेत नाही, पण मेलेल्या भागाच्या जागी व्रण उरतो आणि व्रण आकुंचन पावत नाही. रक्तपुरवठा बंद पडल्यावर साधारण अर्ध्या तासातच पेशी मरू लागतात. म्हणून छातीवर दडपण, घाम, हात किंवा जबडा दुखणे, असे काही झाले की सोडा शोधू नका, १०८ला फोन करा. मधुमेह्यांना कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो.

आमचे शेतकरी वाचले. मात्र विहिरीच्या पायऱ्या चढताना त्यांना आता दोनदा बसावे लागते.