खाड्याचे 500

2019 साली सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात जवळजवळ 17. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात 3 च्या आसपास आहे. हा फरक डोक्यातून जाईना, म्हणून धारूरकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवर गेले.

जिच्या ओट्यावर बसले, तिला अजून पस्तिशी लागलेली नव्हती. पाणी आणायला उठली तेव्हा एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर. उभी राहिली, थांबली, मग चालली. ते थांबणं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. डाक्टर म्हणले, पिशवी सुजलीय, ठेवली तर कॅन्सर व्हईल. मग काढली."

कॅरीबॅगेतून तिने कागद काढले. सोनोग्राफी, बिलं, डिस्चार्ज कार्ड. पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गाने होतं आणि औषधांनी बरं होतं. कॅन्सरची शंका असेल तर आधी पॅप तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी. त्यातला एकही कागद तिच्या पिशवीत नव्हता.

संसर्गाचं मूळ फडात आहे. तिथे ना मोरी, ना पुरेसं पाणी. पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल दोघांवर. "घरी पडलं की खाडा. खाड्याचे 500, ताई. दर महिन्याला कुठून आणायचे?"

शस्त्रक्रिया तास-दोन तासांची. आतली जखम भरायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर जड उचलायचं नाही. सोबत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचा त्रास एकदमच सुरू होतो: अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ. कार्डावरचं इंग्रजी मी वाचलं. तिचे दोन्ही बीजकोश काढलेले होते. तिला ते माझ्याकडून कळलं.

"आराम किती केला?"

"महिनाभर. मग दसरा आला."

दसऱ्यानंतर फड. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कमरेत कळ आली तरी बसायचं नाही, खाड्याचे 500. संमतीच्या कागदावरचा अंगठा तिचाच होता, तरी हिला राजीखुशीची शस्त्रक्रिया म्हणायला माझी जीभ धजत नाही.

ओरड झाल्यावर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पण फडात मोरी बांधल्याशिवाय ही परवानगी अर्धीच आहे, असं मला वाटतं.

तिच्या धाकट्या जावेलाही आता पांढरं जातंय. "तिला मी आंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेणार," ती म्हणाली. "आधी गोळ्या द्या म्हणणार. आन् कार्डावर काय लिवलंय ते तिथंच वाचून घेणार."