पॅरलल पोर्ट आपल्या प्रोग्राममधून
मागच्या व्याख्यानात आपण पोर्टला एलईडी जोडले, आज ते प्रोग्राममधून पेटवू. पहिल्या पोर्टचा पत्ता बहुधा हेक्समध्ये ३७८ असतो. तिथे लिहिलेल्या बाइटचे आठ बिट पिन २ ते ९ वर उमटतात. ३७९ वर प्रिंटरची स्थिती वाचायची, ३७ए वर नियंत्रण.

डॉसमध्ये आपण सरळ लिहायचो. लिनक्समध्ये तसं केलंत तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, प्रोग्राम बंद. आधी रूट होऊन ‘आयओपर्म’ने या तीन पत्त्यांची परवानगी घ्यायची, मग ‘आउटबी’. इथे जुने टर्बो सी वाले हमखास फसतात! तिथल्या ‘आउटपोर्टबी’ला आधी पत्ता, मग किंमत, ‘आउटबी’ला आधी किंमत, मग पत्ता. कंपायलर मात्र त्यावरून अडत नाही.

पण परवानगी मिळाली म्हणजे पोर्ट तुमच्या एकट्याचं झालं असं नव्हे. प्रिंटरचा ड्रायव्हरही त्याच वेळी लिहू शकतो, कारण तुम्ही पोर्ट वापरताय हे त्याला कळतच नाही. रिले जोडलेला असेल तर तो मधेच खटकन् लागेल, आणि त्यावर मोटर असेल तर बघा! म्हणून मी ‘पीपीडेव्ह’ सुचवतो. ‘पारपोर्ट०’ ही डिव्हाइस फाइल उघडायची, पोर्टवर हक्क मागायचा, काम झालं की सोडायचा. जरा सावकाश चालतं, पण रिलेला तेवढा वेग पुरतो.