विमानातील इंधनाचा वास : शोध आणि दक्षता

महाराष्ट्रात हवाई प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ साली झाली आणि पुढील वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, श्री. जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यानंतर नागपूर, बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणीही छोटी प्रशिक्षण विमाने उडू लागली. या विमानांत दोन ते चार माणसे बसतात आणि एकच इंजिन असते. अशा विमानात बसल्यावर पेट्रोलचा वास आला, तर त्याचा अर्थ काय आणि तो कोठून येतो हे कसे शोधावे, याचे एक निश्चित शास्त्र आहे. ते समजून घेणे विमानाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्यांनाही उपयुक्त ठरेल.

इंधनाचे स्वरूप

छोट्या विमानांच्या इंजिनांत बहुधा ‘एव्हगॅस १०० एलएल’ या नावाचे विमानाचे पेट्रोल वापरतात. भारतात हे इंधन दीर्घकाळ आयात केले जात असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत तयार केलेले हे इंधन बाजारात आणले. या इंधनात शिशाचे संयुग मिसळलेले असते. म्हणून ते अंगावर सांडू देणे अथवा त्याने हात धुणे आरोग्यास अपायकारक आहे. ओळख पटावी यासाठी त्याला निळा रंग दिलेला असतो, आणि हा रंगच गळती शोधणाऱ्याचा मोठा साहाय्यक ठरतो. काही नव्या विमानांची डिझेल पद्धतीची इंजिने विमानी केरोसीनवर चालतात. त्यांच्या बाबतीत हा निळा डाग मिळत नाही.

पेट्रोल सामान्य तापमानातही सहज वाफ होऊन उडते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असल्याने खाली, आसनांच्या पायथ्याशी आणि तळाच्या पोकळीत साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल, तर एका ठिणगीने ती पेटू शकते. मनुष्याच्या नाकाला मात्र यापेक्षा कितीतरी कमी प्रमाणातील वाफेचीही जाणीव होते. वास ही निसर्गाने वेळेपूर्वी दिलेली सूचना होय. तथापि नाक लवकरच वासाला सरावते. त्यामुळे ‘आता वास येत नाही’ यावरून गळती थांबली असे मानणे धोक्याचे असते.

टाकीपासून इंजिनापर्यंत

शोध घेण्यापूर्वी इंधनाचा मार्ग डोळ्यांसमोर असावा लागतो. उदाहरणादाखल सेसना १७२ हे विमान घेऊ. १९५६ पासून उत्पादनात आलेले हे विमान जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाते. त्याचे पंख छताच्या पातळीवर असून दोन्ही पंखांत एकेक टाकी असते. जुन्या नमुन्यांत इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. दाराजवळच्या खांबांतून उतरणाऱ्या नळ्या जमिनीवरील निवडझडपेपाशी एकत्र येतात. कोणत्या टाकीतून इंधन घ्यावयाचे ते वैमानिक या झडपेने ठरवतो. तेथून इंधन पुढील अग्निरोधक पडद्याजवळच्या गाळणीत आणि नंतर कार्ब्युरेटरमध्ये जाते.

याखेरीज जुन्या विमानांत ‘प्रायमर’ नावाचा एक छोटा हातपंप उपकरणफलकात बसवलेला असतो. थंड इंजिन सुरू करताना त्याने थोडे पेट्रोल थेट इंजिनात सोडतात. काही विमानांत इंधनदाब दाखविणाऱ्या घड्याळापर्यंतही इंधनाची बारीक नळी आणलेली असते. म्हणजेच प्रत्यक्ष इंधन वैमानिकाच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर खेळत असते.

वास केव्हा येतो?

अनुभवी तंत्रज्ञ हत्यारे हाती घेण्यापूर्वी वैमानिकाला प्रश्न विचारतो. वास केव्हा येतो, हे कळले की निम्मे काम होते.

टाक्या काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि तासभराच्या उड्डाणानंतर तो नाहीसा होत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात शोधावा. टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर, वरचा सांधा किंवा इंधनमापकाच्या तबकडीखालची गॅस्केट झिजलेली असू शकते. सेसनात हा मापक टाकीच्या आतल्या बाजूस, छताच्या कोपऱ्यालगत असतो. तेथील गळतीचा निळा डाग छताच्या अस्तरावर उमटतो. उन्हात उभ्या केलेल्या विमानाची गोष्ट निराळी. पेट्रोल तापून प्रसरण पावते. शंभर लिटर इंधनाचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर ते सुमारे एक लिटरने फुगते आणि हवेच्या नळीवाटे बाहेर सांडते. विदर्भातील किंवा खानदेशातील उन्हाळ्यात भल्या पहाटे भरलेली टाकी दुपारी ओघळू लागली, तर त्यात दोष असतोच असे नाही.

टाकी अर्धी झाली तरी वास कायम राहत असेल, तर निवडझडप, गाळणी आणि खालचे सांधे तपासावेत. इंजिन सुरू करताना वास आला आणि पुढेही टिकला, तर प्रायमरमधील रबरी कड्यांवर संशय घ्यावा. प्रायमरची मूठ आत ढकलून नीट अडकवलेली नसणे हेही एक नित्याचे कारण आहे. इंजिन बंद केल्यानंतर वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधील तरंगकाची सुईझडप नीट बसत नसावी. आणि उबेची झडप उघडताच वास येत असेल, तर मूळ इंजिनाच्या कप्प्यात असते, कारण उबदार हवा तेथूनच आत येते. त्या हवेला पेट्रोलऐवजी धुराचा वास असेल, तर धोका अधिक गंभीर होय. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला स्वतःचा गंध नसतो आणि तो वैमानिकाची शुद्ध हरपवू शकतो.

शोधाची रीत

तपासणी नेहमी उघड्यावर करावी. विमान हँगरबाहेर आणून दारे उघडी ठेवतात, बॅटरी तोडतात, भ्रमणध्वनी व विजेची साधी उपकरणे दूर ठेवतात आणि अग्निशामक नळकांडे जवळ असते. त्यानंतर अस्तर, आसने व झाकणपत्रे काढून सर्व सांधे उघडे केले जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वास जेथे तीव्र असतो तेथेच गळती असेल असे नाही. थेंब नळीवरून ओघळत सर्वांत खालच्या बिंदूपाशी पडतो, तर वाफ हवेच्या झोताबरोबर भलतीकडे जाते. म्हणून डाग दिसला की त्याचा माग उलट दिशेने, वरच्या बाजूस काढावा. सांधा पुसून कोरडा करावा, त्याभोवती पांढरा कागद गुंडाळावा आणि काही तासांनी पाहावे. निळी खूण उमटली की दोषी सांधा सापडतो. एका वेळी एकच भाग बदलावा. चार भाग एकदम बदलले तर वास जातो, पण दोष कोणता होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो. टाकीत मंद दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहण्याची रीतही आहे. मात्र उत्पादकाने ठरविलेली दाबाची मर्यादा ओलांडल्यास टाकीच फाटू शकते.

हे काम परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा गळतीची परीक्षा होते, विमानाच्या नोंदवहीत दोष व उपाय लिहिले जातात आणि अभियंत्याच्या स्वाक्षरीनंतरच विमान उडते. वैमानिकाने ‘थोडासाच वास होता’ म्हणून नोंद टाळली, तर पुढच्या विद्यार्थ्याचा जीव पणाला लागतो.

आकाशात असताना

उड्डाणापूर्वी वास आला तर उड्डाण रद्द करावे, एवढा नियम पुरेसा आहे. आकाशात वास आल्यास ताज्या हवेचे झरोके उघडावेत, उबेची झडप बंद करावी, विजेची बटणे अनावश्यक चालू-बंद करू नयेत, इंधन किती उरले याचा हिशेब मापकाशी ताडून पाहावा आणि नियंत्रण कक्षास कळवून जवळच्या योग्य धावपट्टीवर उतरावे. बाकी कृती त्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे करावी.

घरातील स्वयंपाकाच्या गॅसचीही हीच कथा आहे. तो वायू मुळात गंधहीन असून गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि तोही हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तेथेही दारे-खिडक्या उघडणे, विजेच्या बटणाला हात न लावणे आणि गळती काडीऐवजी साबणाच्या फेसाने शोधणे हेच नियम लागू पडतात. शाळेतील विज्ञानाच्या तासाला आणि ग्रामसभेतील सुरक्षिततेच्या चर्चेत शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती सांगितल्यास वासाकडे दुर्लक्ष करण्याची सवय मोडण्यास निश्चितच साहाय्य होईल.