वर ओतणं म्हणजे बदलणं नव्हे

मंडळी, नीरा डाव्या कालव्याच्या आपल्या या पट्ट्यात जुन्या डिझेल इंजिनाखाली डाग दिसला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: "रोज गळतंय, रोज वर ओततोय, म्हणजे ऑइल बदललंच की!" न्यायशास्त्र याला हेत्वाभास म्हणेल. हेतू खरा वाटतो, पण सिद्ध काहीच करत नाही.

हिशेब करू. चेंबरमध्ये ५ लिटर ऑइल आहे. रोज ५० मिली गळतं, तेवढंच आपण ओततो. १०० दिवसांत ५ लिटर नवं गेलं. पण गळतं ते मिसळलेलं, म्हणून मूळ ऑइलचा सुमारे ३७ टक्के भाग आतच राहतो. काजळी रोज वाढते, गाळ तळाशी बसतो, फिल्टर तर जुनाच.

तेव्हा कंपनीनं सांगितलेले तास भरले की इंजिन कोमट असतानाच सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला. पॅकिंगमधून पाझरत असेल तर बोल्ट बेतानं आवळा. जास्त आवळलात तर कव्हर वाकतं. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. मात्र काही न ओतता पट्टीवरची पातळी चढली, तर इंजिन लगेच बंद करा. आत डिझेल किंवा पाणी शिरलेलं असतं. तसंच चालवलं तर बेअरिंग जातं, आणि ऐन उन्हाळ्यात उभ्या उसाचं पाणी तुटतं.